गुण आणि क्रम

गेल्या वर्षीं मृगाच्या सुमारास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हे गृहस्थ पदवी घेऊन तालुक्याच्या गांवीं परत गेले, वडिलांचें मोटर-दुरुस्तीचें दुकान त्यांनीं पुढें चालविलें, आणि फावल्या वेळीं विहिरीवरील मोटरी व पंप यांच्या दुरुस्तीविषयीं मराठींत एक संकेतस्थळ उभें केलें. मोटर कशानें जळते, तीनांपैकीं एक फेज गेली असतां काय करावें, नवें वायंडिंग करून घ्यावें कीं मोटरच बदलावी, अशा प्रश्नांचीं उत्तरें त्यांनीं स्वतःच्या हातच्या कामावरून तेथें लिहून ठेविलीं होतीं. सात वर्षें लोक तीं वाचीत होते आणि जाहिरातींच्या रूपानें त्यांस चार पैसेही मिळत होते. मग एका आठवड्यांत शोधयंत्राचा अंतर्गत नियम बदलला आणि वाचकांची संख्या चौथाईवर आली. पानें तींच, मजकूर तोच; पण पूर्वीं जें पान शोधणाऱ्यास प्रथम दिसे, तें आतां निकालांच्या ढिगांत कोठें तरी खालीं गेलें होतें. त्याच्या जागीं जीं पानें आलीं होतीं त्यांतील पुष्कळशीं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणें, कधीं मोटर उघडून न पाहिलेल्या माणसांनीं लिहिलेलीं होतीं, आणि प्रत्येकाच्या शेवटीं नवी मोटर विकत घेण्याची सोय होती. पत्राच्या अखेरीस एकच प्रश्न होता : 'सर, माझें काय चुकलें?'

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर लिहावयास बसलों तेव्हां 'चुकलें' हा शब्दच आम्हांस अडवूं लागला. चूक म्हटली कीं नियम आला. नियम म्हटला कीं तो करणारा आला, आणि ज्यानें तो पाळावयाचा त्यास तो ठाऊक असणेंही आलें. येथें नियम करणारा आहे आणि शिक्षेसारखें कांहीं घडलेंही आहे. नियम मात्र ज्यास लागू झाला त्याच्या कानांवर आलेला नाहीं. अशा ठिकाणीं दोषाची भाषा बोलतां येईल काय? दोष नसतांना झालेली हानि हा अन्याय म्हणावा, कीं अवर्षणासारखें केवळ दैव म्हणावें? आणि ज्याचा क्रम अशा रीतीनें वर-खालीं होतो त्यानें आपलें काम कोणाच्या तोंडाकडे पाहून करावें? या तीन प्रश्नांचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शोधयंत्र हें आतां घरोघरच्या वापराचें झालें असलें, तरी त्याची आंतली रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. त्याचीं कामें तीन. जगभरचीं पानें त्याचे यांत्रिक हस्तक अहोरात्र वाचीत असतात. वाचलेल्याची एक अवाढव्य सूचि तयार होते. आणि कोणी कांहीं शब्द विचारले म्हणजे सूचींतून जुळणारीं पानें काढून तीं कोणत्या क्रमानें मांडावयाचीं हें ठरविलें जातें. पहिलीं दोन कामें श्रमाचीं आहेत. तिसरें न्यायाचें आहे. या तिसऱ्या कामाचा जो गणनविधि, त्यास अल्गोरिदम म्हणतात. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन तरुण संशोधकांनीं जो विधि पुढें मांडला, त्याची कल्पना मुळांत विद्वानांच्याच जगांतून आलेली होती. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत वारंवार होतो तो वजनदार, आणि उल्लेख करणारा निबंध जितका वजनदार तितकी त्या उल्लेखाची किंमत अधिक, असा आमच्या धंद्यांतला जुना संकेत आहे. एका पानानें दुसऱ्या पानाकडे दाखविलेला दुवा हाही असाच उल्लेख समजून त्यांनीं पानांचें वजन काढलें, आणि त्याच वर्षीं गूगल ही कंपनी जन्मास आली.

या क्रमाचें महत्त्व केवढें आहे हें कांहीं आंकड्यांवरून दिसेल. २०१७ सालीं युरोपीय आयोगानें गूगलविरुद्ध जो निर्णय दिला, त्या वेळीं त्यानें असें नमूद केलें कीं, निकालांच्या पहिल्या पानावरील दहा निकालांस मिळून सर्वसाधारण निकालांवरील सुमारें ९५ टक्के टिचक्या मिळतात; त्यांपैकीं एकट्या पहिल्यासच सुमारें ३५ टक्के; आणि दुसऱ्या पानावरील पहिल्या निकालाच्या वांट्यास अवघी १ टक्का येते. म्हणजे दहावा आणि अकरावा यांच्या योग्यतेंत कदाचित् केसाएवढें अंतर असेल. पण त्यांच्या नशिबांत एक दुकान भर पेठेंत आणि दुसरें गांवकुसाबाहेर एवढें अंतर पडतें. गुण हे थोडथोडे चढत-उतरत जातात. क्रम मात्र उंबरठ्यासारखा असतो. त्याच्या आंत तरी असावें लागतें, नाहीं तर बाहेर.

आतां नियम बदलावे तरी कां, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर देण्यास आमच्यासारख्या परीक्षकास दूर जावें लागत नाहीं. उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. एके काळीं आमच्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेचा सांचा ठरून गेला होता. पहिलीं दोन वर्षें त्या प्रश्नांवरून विद्यार्थ्याची समज खरोखरच कळे. तिसऱ्या वर्षीं बाजारांत गाइडें आलीं. पांचव्या वर्षीं शंभरांतल्या साठ उत्तरपत्रिकांत एकच वाक्य, एकच उदाहरण आणि एकच छापील चूक सांपडूं लागली. ज्या प्रश्नानें समज मोजावयाची, तो गाइडाचा खप मोजूं लागला. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं चलनविषयक धोरणाच्या संदर्भांत हेंच तत्त्व सांगितलें. त्याचा आशय असा कीं, एखाद्या मापाचा उपयोग नियंत्रणासाठीं होऊं लागला कीं तें माप विश्वासार्ह राहत नाहीं.

दुव्यांचें तेंच झालें. दुवा म्हणजे सहज केलेली शिफारस होती तोंवर तो खरा साक्षीदार होता. त्यास किंमत आहे असें कळतांच दुवे विकत मिळूं लागले. नुसते एकमेकांकडे बोट दाखविण्यासाठीं संकेतस्थळांचे तांडे उभे राहिले. पानांत एकच शब्द पन्नास वेळां घुसडण्याची विद्या निघाली. या युक्त्यांवर शोधयंत्रानें उलट उपाय योजिले, त्यांचा इतिहास म्हणजेच नियमबदलांचा इतिहास. नोव्हेंबर २००३ मधील 'फ्लॉरिडा' नांवाच्या बदलानें नाताळाच्या ऐन हंगामांत कित्येक लहान दुकानदारांचीं पानें खालीं गेलीं. फेब्रुवारी २०११ मध्यें 'पांडा' आला; स्वस्तांत लिहवून घेतलेला उथळ मजकूर ढिगांनीं प्रसिद्ध करणाऱ्यांवर त्याचा रोख होता, आणि अमेरिकेंतील सुमारें १२ टक्के प्रश्नांच्या निकालांवर त्याचा परिणाम झाला. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' विकतच्या व बनावट दुव्यांविरुद्ध होता. हे बदल झाले नसते तर आज शोधयंत्र म्हणजे जाहिरातदारांची भिंत झाली असती, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. नियम मुळींच न बदलणारा परीक्षक अखेर गाइडवाल्याचा नोकर होतो.

तेव्हां बदल हा अन्याय नव्हे. गुप्तता हाही, निदान एका मर्यादेपर्यंत, अन्याय नव्हे. कारण उद्यांची प्रश्नपत्रिका आज फळ्यावर लिहून देणें ही कांहीं परीक्षेची शुद्धता नव्हे. मग आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नांत जें शल्य आहे तें कशाचें?

आम्हांस असें दिसतें कीं, येथें दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. क्रम दोन रीतींनीं जातो. एक रीत शिक्षेची. २००६ सालीं बीएमडब्ल्यू या मोटार-कंपनीचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें आपल्या सूचींतून काढून टाकिलें, कारण यंत्रास एक पान व माणसास दुसरें पान दाखविण्याची त्याची चाल होती. कंपनीनें तीं पानें काढलीं व थोड्याच दिवसांत तिचें संकेतस्थळ परत आलें. येथें नियम प्रसिद्ध होता, दोष दाखवितां येत होता, दुरुस्ती शक्य होती आणि दुरुस्तीनंतर क्षमा होती. न्यायाचीं सर्व अंगें येथें आहेत. आजही अशा शिक्षेची सूचना संकेतस्थळाच्या चालकास मिळते, व त्यास फेरविचाराचा अर्ज करतां येतो.

दुसरी रीत पुनर्मूल्यांकनाची. येथें कोणी दोषी ठरत नाहीं. सर्वांनाच नव्या तराजूंत घातलें जातें, आणि कांहीं खालीं जातात. २०१९ सालीं गूगलनें या प्रकाराचें स्पष्टीकरण करितांना एक दृष्टान्त दिला होता. २०१५ सालीं कोणी शंभर उत्तम चित्रपटांची यादी केली, आणि २०१९ सालीं ती नव्यानें केली, तर कांहीं नवे चित्रपट आंत येतील आणि कांहीं जुने खालीं सरकतील; एवढ्यावरून जुने चित्रपट वाईट ठरत नाहींत. दृष्टान्त प्रामाणिक आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें शब्दशः उत्तरही त्यांत आहे : कदाचित् तुमचें कांहींच चुकलें नाहीं. पण नैतिक अडचण नेमकी येथेंच सुरू होते. शिक्षा झालेल्यास अपिलाचा मार्ग आहे, आणि निर्दोष माणसास तो नाहीं! ज्यानें लबाडी केली त्यास लबाडी कोणती तें सांगितलें जातें. ज्यानें केली नाहीं त्यानें अंधारांत चांचपडावें. गुन्हा नसल्यामुळें सुनावणी नाहीं, ही व्यवस्था तर्कास धरून असेल. परंतु तिच्यांत राहणाऱ्यास ती फार कठोर वाटली तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

रोमन सम्राट कॅलिगुला यानें नवे कर बसविले, आणि लोकांनीं ते कर प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला तेव्हां ते इतक्या बारीक अक्षरांत व इतक्या अडचणीच्या जागीं लावले कीं, कोणास त्यांची नक्कल करतां येऊं नये, असें स्वेटोनियस या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. विसाव्या शतकांत लॉन फुलर या अमेरिकन कायदेपंडितानें १९६४ च्या आपल्या ग्रंथांत रेक्स नांवाच्या एका कल्पित राजाची गोष्ट सांगितली. हा राजा वाईट नाहीं. त्यास लोकांचें भलेंच करावयाचें आहे. पण त्याचे कायदे कधीं गुप्त राहतात, कधीं मागल्या तारखेपासून लागू होतात, कधीं इतक्या झपाट्यानें बदलतात कीं, त्यांच्या आधारें कोणासही आपल्या आयुष्याची आखणी करतां येत नाहीं. फुलरचा मुद्दा असा कीं, असा राजा वाईट कायदे करतो असें नव्हे. तो कायदे करण्यांतच अपयशी होतो. शोधयंत्र हें कांहीं राज्य नव्हे, आणि त्याचा अल्गोरिदम हा कायदाही नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि ज्याच्या निर्णयावर माणसें कर्ज काढतात, नोकर ठेवतात, मुलांचें शिक्षण ठरवितात, त्याच्याकडून राजाइतकी नव्हे तरी पाटलाइतकी जबाबदारी मागण्यास काय हरकत आहे?

यावर शोधयंत्राच्या बाजूनें एक समर्थ उत्तर आहे, व तें टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. सर्च किंग या ओक्लाहोमांतील एका कंपनीनें आपला पेजरँक घटविला म्हणून गूगलवर फिर्याद केली असतां, २००३ सालीं तेथील संघीय न्यायालयानें असें ठरविलें कीं, पानाचा क्रम म्हणजे गूगलचें मत होय, आणि मत बाळगण्याचें व बोलण्याचें स्वातंत्र्य घटनेनें दिलेलें आहे. हें म्हणणें आम्हांस एकदम झिडकारतां येत नाहीं. आम्ही स्वतः या मासिकांत पुस्तकांचीं परीक्षणें लिहितों. ज्या कवीचा संग्रह आम्हीं मागें वाखाणला, त्याचा नवा संग्रह आम्हांस रुचला नाहीं तर आम्ही तसें लिहितों, आणि त्यानें येऊन 'तुमची अभिरुचि बदलल्याची आगाऊ सूचना मला कां दिली नाहीं?' असें विचारल्यास आम्हांस हसूंच येईल. टीकाकारास आपलें मत बदलण्याचा अधिकार नसेल तर टीका ही गुलामगिरी होईल.

परंतु टीकाकाराचें हें स्वातंत्र्य निर्धोक असतें तें एका कारणामुळें : त्याच्यासारखे आणखी दहा असतात. आम्ही ज्यास पाडूं, त्यास दुसरा कोणी उचलून धरील. गांवांत येण्याचा रस्ता एकच असेल आणि त्याच्या तोंडाशीं एकच माणूस उभा असेल, तर त्याचें मत हें नुसतें मत राहत नाहीं, तो नाका होतो. ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकेंतील संघीय न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांनीं निर्णय दिला कीं, सर्वसाधारण शोधाच्या क्षेत्रांत गूगलची मक्तेदारी आहे आणि ती कंपनीनें बेकायदेशीर रीतीनें टिकविली आहे. त्या देशांतील सुमारें ९० टक्के शोध तिच्याकडून होतात, आणि आपलें शोधयंत्र लोकांच्या उपकरणांत आधींपासून बसविलेलें असावें यासाठीं तिनें २०२१ या एका वर्षांत २,६०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दुसऱ्या कंपन्यांस दिली, असें त्या खटल्यांत उघड झालें. मताचें स्वातंत्र्य मागणाऱ्यानें इतर मतांस जागाच राहूं नये अशी तजवीज करावयाची, या दोन गोष्टी एका तोंडानें बोलतां येत नाहींत.

शिवाय नाक्यावरच्या माणसाचें स्वतःचेंही दुकान असलें म्हणजे प्रश्न अधिकच बिकट होतो. २०१७ च्या ज्या निर्णयाचा वर उल्लेख केला, त्यांत युरोपीय आयोगानें गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. आणि युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें तो कायम केला. आयोगाचें म्हणणें असें कीं, वस्तूंच्या किंमतींची तुलना करून दाखविणारीं प्रतिस्पर्धी संकेतस्थळें अल्गोरिदमनें खालीं ढकललीं गेलीं, आणि कंपनीच्या स्वतःच्या तशाच सेवेस मात्र तो अल्गोरिदम लागूच नव्हता. प्रतिस्पर्ध्यांपैकीं सर्वांत वरचा देखील सरासरीनें चौथ्या पानावर दिसे. फाउंडेम हें ब्रिटनमधील एक छोटें संकेतस्थळ २००६ सालीं असें खालीं गेलें होतें. त्याच्या चालक दांपत्यानें ही तक्रार धसास लावण्यांत आयुष्याचीं पंधरांहून अधिक वर्षें घातलीं. न्याय मिळाला खरा. पण तोंवर त्यांचें दुकान बंद झालें होतें. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पेज आणि ब्रिन यांनींच १९९८ च्या आपल्या निबंधाच्या परिशिष्टांत असें बजावलें होतें कीं, जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल व शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. तरुणपणीं माणसास आपले भावी दोष किती स्वच्छ दिसतात!

म्हणून आमच्या मतें न्यायाची मागणी अशी नसावी कीं, नियम बदलूं नका किंवा सारें सूत्र उघडें करा. ती अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका यांतील भेदावर उभी असावी. प्रश्नपत्रिका गुप्त असो. अभ्यासक्रम प्रसिद्ध असलाच पाहिजे, परीक्षक स्वतः उमेदवार नसला पाहिजे, आणि फेरतपासणीची एक खिडकी उघडी असली पाहिजे. ही मागणी अवास्तव नाहीं. युरोपीय संघाच्या, जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या एका नियमाप्रमाणें शोधयंत्रांस क्रम ठरविणाऱ्या मुख्य बाबी व त्यांचें सापेक्ष महत्त्व जाहीर करावें लागतें. लबाडांस वाट मिळेल इतका तपशील देण्याची सक्ति मात्र त्यांत नाहीं. गूगलनेंही आपल्या परीक्षक-मंडळासाठीं केलेलीं मार्गदर्शक तत्त्वें २०१५ पासून लोकांस खुलीं ठेविलीं आहेत. अधिकार, ज्ञान व विश्वासार्हता यांच्या जोडीस डिसेंबर २०२२ मध्यें त्यांत 'अनुभव' हा गुणही घातला गेला, म्हणजे लिहिणाऱ्यानें ती वस्तु स्वतः हाताळली आहे काय, हें पाहावें असें ठरलें. अभ्यासक्रम उत्तम आहे. पण ज्याच्या नखांत मोटरीचें वंगण अजून अडकलेलें आहे त्याचेंच पान खालीं जातें, तेव्हां अभ्यासक्रमांत आहे तें प्रश्नपत्रिकेंत उतरतें काय, ही शंका उरतेच. ही शंका केवळ आमच्या विद्यार्थ्याची नव्हे. हाउसफ्रेश या, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची स्वतः चांचणी घेणाऱ्या एका लहान संकेतस्थळानें फेब्रुवारी २०२४ मध्यें अशीच तक्रार जाहीरपणें मांडली होती कीं, यंत्रें तपासल्याचा पुरावा न देणारीं मोठ्या प्रकाशनांचीं पानें आपल्या वर लागतात.

येथवर तराजू धरणाऱ्याचा विचार झाला. आतां तराजूंत बसणाऱ्याकडे वळूं. कारण तिसरा प्रश्न त्याचा आहे, आणि आमच्या दृष्टीनें तोच सर्वांत अवघड आहे.

ऑगस्ट २०२२ मध्यें गूगलनें एक नवा बदल जाहीर करितांना लेखकांस उपदेश केला कीं, शोधयंत्रासाठीं लिहूं नका, माणसांसाठीं लिहा. याहून निर्मळ उपदेश कोणता असूं शकेल? आम्ही वर्गांत तीस वर्षें दुसरें काय सांगत आलों? पण उपदेश करणारा आणि बक्षीस देणारा एकच असला कीं उपदेशाचा अर्थ नकळत बदलतो. 'माणसांसाठीं लिहा' याच्या पुढें 'म्हणजे तुमचा क्रम वाढेल' हें वाक्य न बोलतांही ऐकूं येतें. आणि मग माणसांसाठीं लिहिणें हीच शोधयंत्रासाठीं लिहिण्याची नवी युक्ति होऊन बसते. यंत्रास तर बाह्य खुणाच दिसतात. म्हणून लेखकाचें छायाचित्र लावा, त्याच्या अनुभवाचीं दोन वाक्यें घाला, 'आम्हीं स्वतः वापरून पाहिलें' असें सुरुवातीसच लिहा, असा सल्ला विकणारे लौकरच पुढें आले. प्रामाणिकपणाचेंही गाइड निघालें!

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. हा दुकानदार लहान मुलासही फसवीत नाहीं. सर्वांस एकच भाव लावतो. गिऱ्हाइकांची तक्रार नाहीं, व्यवहार चोख आहे. पण तो असें वागतो तें प्रामाणिकपणासाठीं, कीं प्रामाणिकपणानें धंदा वाढतो म्हणून? बाहेरून हें कळण्यास मार्ग नाहीं. जोंवर सचोटी आणि नफा हातांत हात घालून चालतात, तोंवर कित्येकदां त्या दुकानदारास स्वतःसही तें कळत नसतें. दोघांची फारकत होईल तेव्हांच मनाचा खरा ठाव लागतो.

नियमबदल ही अशी फारकतीची वेळ होय. ज्यानें क्रमासाठीं लिहिलें त्याचें लिहिण्याचें कारणच त्या आठवड्यांत संपतें. तो नवें सूत्र शोधावयास निघतो, आणि त्यांत त्याचें फारसें कांहीं हरवत नाहीं. ज्यानें वाचकासाठीं लिहिलें त्याचें कारण शाबूत राहतें, पण त्याची भाकरी जाते. म्हणजे नुकसान खरें होतें तें दुसऱ्याचेंच. यावर 'फळाची आशा धरूं नये' असें सांगून मोकळें होण्याची आपल्याकडे मोठी सोय आहे. त्या तत्त्वाविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. परंतु तें कोणीं कोणास सांगावयाचें याचा विवेक आपण पुष्कळदां करीत नाहीं. फळावर आपला अधिकार नाहीं, हें कर्त्यानें स्वतःच्या मनास समजावावयाचें असतें. फळ वांटणाऱ्यानें तें कर्त्याच्या तोंडावर फेकावयाचें नसतें. मजुरी बुडविणाऱ्या सावकारानें निष्काम कर्माचें प्रवचन करावें, यापरतें त्या तत्त्वाचें विटंबन नाहीं. कर्त्याची निरपेक्षता आणि दात्याचा न्याय हीं दोन स्वतंत्र कर्तव्यें आहेत. एकानें आपलें पाळलें म्हणून दुसऱ्याचें फिटत नाहीं.

आणखी एक पक्ष या भांडणांत आहे, ज्याचें नांव कोणी घेत नाहीं. रात्रीं दहा वाजतां मोबाइल हातांत घेऊन 'मोटर गरम होऊन बंद पडते' एवढे शब्द टाकणारा शेतकरी हा तो पक्ष होय. त्यास क्रमाचा इतिहास ठाऊक नाहीं; जें पहिलें दिसतें तें खरें, असें तो धरून चालतो. खालीं गेलेल्या पानावर 'आधीं व्होल्टेज तपासा' एवढें एक वाक्य होतें. वर आलेल्या पानावर नव्या मोटरींची यादी आहे. दुरुस्त होणारी मोटर भंगारांत जाते आणि उसाच्या पट्टींतून नव्या मोटरीचे हप्ते सुरू होतात. या हानीची कोठेंही नोंद होत नाहीं. कारण आपण काय गमावलें हें गमावणाऱ्यास कळतच नाहीं. लेखकाच्या क्रमापेक्षां हीच गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते. मे २०२४ पासून अमेरिकेंत निकालांच्याही वर, अनेक पानांतून जुळविलेलें यंत्रलिखित उत्तर दिसूं लागलें, व ती पद्धति पुढें इतर देशांतही आली. तेव्हां पानाचा क्रम वर असूनही तें न उघडलें जाण्याचे दिवस आले आहेत. अशा वेळीं ज्ञान मूळ कोणाच्या हातचें, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

आम्हीं विद्यार्थ्यास उत्तर लिहिलें तें फार मोठें नव्हतें. तुमचें कांहीं चुकलें असें आम्हांस दिसत नाहीं, असें प्रथम लिहिलें. कारण निर्दोष माणसानें स्वतःच्या अंगावर खोटा दोष ओढून घेणें हीही एक असत्याचीच सेवा आहे. जें झालें तें न्यायाचें झालें असेंही मानूं नका, हें दुसरें लिहिलें. कारण आपल्या हानीस दैव म्हणूं लागलों कीं तराजू धरणारा जबाबदारींतून सुटतो. आणि संकेतस्थळाच्या उत्पन्नावर घर चालत नसेल तर दुकानाकडे अधिक लक्ष द्या, यांत कमीपणा नाहीं, हें तिसरें. 'लिहीत राहा' असें मात्र आम्हीं लिहिलें नाहीं. लेखणी थांबविली म्हणून ज्यास आम्ही पगार देणार नाहीं, त्यास ती चालविण्याचा हुकूम देण्याचा आम्हांस काय अधिकार?

दिवाळीच्या सुमारास त्यांचें पुन्हा पत्र आलें. दुकान बरें चाललें आहे. संकेतस्थळाचें उत्पन्न आतां वर्षाचें भाडें भागविण्यापुरतेंही नाहीं. तरी भाद्रपदांत वीज पडून जळलेल्या एका स्टार्टरची दुरुस्ती त्यांनीं केली, आणि तशी अडचण दुसऱ्या कोणास येईल म्हणून तिच्यावर एक पान लिहून ठेविलें आहे. तें किती लोकांनीं वाचलें हें त्यांनीं कळविलें नव्हतें, आणि आम्हींही विचारलें नाहीं.